तिथे कुणी जाऊन आलंय का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, नमस्कार. मी अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवून देणारा आहे, तीस वर्षं झाली. आमच्याकडे डिझाईन एक, पुठ्ठे (ज्यांच्या भोकांवरून माग नक्षी विणतो ते) एक, सूत एकाच गाठोड्यातलं, तरी शेजारशेजारच्या दोन मागांवर चादर अगदी सारखी निघत नाही. एकीवरचा मोर जाड दिसतो, एकीवरचा बारीक. मुलाच्या पुस्तकात लिहिलंय की भौतिकशास्त्राचे नियम विश्वात सगळीकडे सारखेच आहेत. इथं दहा फुटांवरचा माग सारखा चालत नाही आणि तिकडं कोट्यवधी मैलांवर सगळं सारखं, हे कशावरून म्हणायचं? तिथे कुणी जाऊन आलंय का? (मुलाला घरी दाखवता येईल असं काही असलं तर तेही लिहा.)

उत्तर : नाही, कुणी जाऊन आलेलं नाही. माणूस चंद्रापर्यंत गेला. त्यानं सोडलेल्या यानांपैकी सर्वांत लांब गेलेलं यान जिथं आहे, त्याच्या हजारपटीहून जास्त अंतरावर सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा आहे. तुमचं पत्र, म्हणजे वहीच्या पानाचा मुलानं पाठवलेला फोटो, मी चार दिवस पुन्हापुन्हा वाचत होते. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवताना 'नियम सर्वत्र सारखे' हे वाक्य मी दर जूनमध्ये फळ्यावर लिहिलं. 'कशावरून?' असं विचारणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी भेटली. माझे वडील साखर पेठेत हातमागावर बसायचे, म्हणून तुमच्या मागांपासूनच सुरुवात करते.

तुमचे दोन माग वेगळं का विणतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. एकाच्या ताण्याला ओढ कमी असेल, एकाचा पट्टा सैल असेल, एक माग दाराशी असल्यानं एप्रिलची कोरडी हवा त्याला लागत असेल. ही परिस्थिती झाली. पण किती ओढल्यावर सूत किती लांबतं आणि हवा कोरडी पडली की ते का तुटतं, हे दोन्ही मागांवर एकच आहे. एका मागावर कळलेला उपाय तुम्ही दुसऱ्या मागावर करता तो याच भरवशावर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, म्हणून इथं पाणी शंभर अंशांच्या दीडेक अंश आधीच उकळतं. चंद्रावर तुमचं वजन सहाव्या हिश्शावर येईल. दोन्हीकडे नियम तोच, त्यात घालायचे आकडे वेगळे. 'नियम सारखे' याचा अर्थ 'सगळं सारखं' असा घेतला की घोटाळा होतो, आणि पाठ्यपुस्तकं हे नीट सोडवून सांगत नाहीत अशी माझी तक्रार आहे.

पण तुमचा प्रश्न इथं संपत नाही. तुम्ही विचारताय, सूतच तिकडं वेगळं नसेल कशावरून? आपण तिथं जात नाही, पण तिथला प्रकाश आपल्याकडे येतो. त्यात काय लिहून आलेलं असतं ते स्वयंपाकघरात बघता येतं.

डाळ उतू गेली की गॅसची निळी ज्योत पिवळी होते. डाळीत मीठ असतं, मिठात सोडियम असतं आणि तापलेलं सोडियम त्याच पिवळ्या रंगाचा उजेड देतं, दुसरा देत नाही. आमच्या प्रयोगशाळेत सोडियमचा दिवा होता. स्पेक्ट्रोमीटरमधून, म्हणजे उजेड रंगांत पसरून दाखवणाऱ्या यंत्रातून, पाहिलं की त्या पिवळ्याच्या जागी अगदी जवळजवळ दोन रेघा दिसायच्या, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर (हे प्रकाशलहरीच्या लांबीचं माप). प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात, जसे एका डिझाईनचे पुठ्ठे ठरलेले असतात. कुठलं भोक कुठं, हे इथं इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, प्रकाशाचा वेग असे निसर्गाचे मूळ आकडे ठरवतात. त्यांतला एखादा आकडा जरा हलला तर रेघ हलणार.

जर्मनीत फ्राउनहोफरनं १८१४ साली सूर्यप्रकाशाचा पट्टा पसरून पाहिला, तर त्यात शेकडो काळ्या रेघा होत्या. त्या कशाच्या, हे १८५९ मध्ये किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी उलगडलं. पिवळ्यातल्या दोन काळ्या रेघा बरोब्बर सोडियमच्या जागी होत्या, कारण सोडियम जो उजेड देतं तोच आतून येणाऱ्या उजेडातून गिळतंही. आपल्या मिठातलं सोडियम आणि सूर्यातलं सोडियम एकच भाषा बोलत होतं.

इथं मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण पुढची गोष्ट आपल्या शेजारची आहे. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं आणि त्याचा पट्टा विजापूर, जमखंडीवरून गुंटूर, मच्छलीपट्टणकडे गेला. आपल्यापासून शंभर किलोमीटरवरच्या विजापुरात कॅप्टन हेग हा इंग्रज अधिकारी दुर्बीण लावून बसला होता, पलीकडे जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, आणि गुंटूरला फ्रान्सहून आलेला जान्सेन. दिवस पावसाळ्याचे, वर ढग. ग्रहण लागलं आणि सूर्याच्या कडेवरच्या लालसर ज्वाळांच्या प्रकाशात झगझगीत रेघा दिसल्या. त्यातली एक पिवळ्याच्या जवळ होती. पहिल्यांदा बऱ्याच जणांना ती सोडियमचीच वाटली. पण पुढं नीट मोजल्यावर ती ५८७.६ वर भरली. दोन रेघांच्या शेजारी तिसरी, अगदी केसाच्या अंतरावर. ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून, ग्रहण नसतानाही, लॉकियरनं ती पाहिली. पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाची रेघ तिथं बसत नव्हती, म्हणून नवं मूलद्रव्य मानलं गेलं आणि ग्रीक भाषेतल्या सूर्याच्या नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले.

आता तुमच्या शंकेला इथं पुरेपूर वाव होता. कुणीही म्हणू शकलं असतं की सूर्यावर नियमच वेगळे आहेत, तिथलं सोडियमच थोडं वाकडं चालतं. म्हणणारा खोटा कसा पाडणार? सत्तावीस वर्षं हे तसंच लोंबकळत राहिलं. मग १८९५ मध्ये लंडनला रॅमसेनं युरेनियमच्या एका खनिजातून वायू काढला, त्याचा उजेड पसरून पाहिला, आणि ती रेघ तिथं होती. त्याच जागी. सूर्यानं जो पदार्थ आधी दाखवला तो आपल्या पायाखालच्या दगडात निघाला. एवढ्या वर्षांत या घटनेइतकं समाधान मला दुसऱ्या कशानं दिलेलं नाही.

त्या जमखंडीच्या हर्शेलबद्दल एक सांगते. त्याचे आजोबा विल्यम हर्शेल. एकमेकांभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्या त्यांनी वर्षानुवर्षं मोजल्या आणि १८०३ मध्ये दाखवून दिलं की हे तारे एकमेकांच्या ओढीनं फिरताहेत. न्यूटनचं गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही लागू आहे, याचा तो पहिला पुरावा. आजोबांनी ओढ तपासली, नातवानं उजेड तपासला, आणि तो आपल्या विजापूरच्या पलीकडे बसून.

सूर्य झाला, पण तो तर घरचाच. लांबचं काय? विश्व प्रसरण पावत असल्यानं दूरच्या दीर्घिकांचा, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहांचा, प्रकाश वाटेत ताणला जातो आणि सगळ्याच रेघा लाल बाजूला सरकतात. चादर चारी बाजूंनी सारखी ओढली तर मोर मोठा होईल, पण चोच आणि पिसारा यांचं प्रमाण बिघडणार नाही. खगोलशास्त्रज्ञ हेच प्रमाण पाहतात. पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्यांची. विज्ञान दिनाला मी मुलांना घेऊन गेले होते, तेव्हा एका थाळीखाली आख्खा वर्ग उभा राहिला तरी सावली उरली. हायड्रोजनचा अणू एकवीस सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. या दुर्बिणीनं पावणेनऊशे कोटी वर्षांपूर्वी निघालेली तशी लहर पकडली. ती ताणून अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची झाली होती, आणि त्याच दीर्घिकेच्या दृश्य प्रकाशातल्या रेघाही जवळपास त्याच पटीत ताणलेल्या आहेत. दोन वेगळ्या पदार्थांचे दोन वेगळ्या तऱ्हेचे धागे, पण ताण एकच.

आणि प्रमाण बिघडलेलं सापडलं तर? सापडलंय असं एकदा वाटलं होतं. विद्युतबलाची ताकद सांगणारा एक आकडा आहे, १३७ मध्ये एक भाग, त्याला सूक्ष्मरचना स्थिरांक म्हणतात. तो बदलला तर लोखंडाच्या रेघा बऱ्याच हलतात, मॅग्नेशियमच्या फारशा हलत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या जॉन वेब यांच्या गटानं १९९९ मध्ये हवाईतल्या केक दुर्बिणीच्या नोंदींवरून सांगितलं की फार पूर्वी हा आकडा लाखात एखाद्या भागानं कमी असावा. जगभर खळबळ उडाली. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेमधले श्रीआनंद, त्यांचे सहकारी हुम चंद आणि फ्रान्समधले पेटिजाँ यांनी २००४ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीनं तेच तपासलं. त्यांना बदल दिसला नाही. त्यांच्या आकडेमोडीवर वेब यांच्या गटानं आक्षेप घेतला. पुढं वेब यांच्याच गटाला व्हीएलटीच्या नोंदींत आकडा उलटा, जरा जास्त दिसला. त्यावरून ते म्हणाले, आकाशाच्या एका दिशेला तो कमी आणि दुसऱ्या दिशेला जास्त असेल.

दादा, चादरीत दोष दिसला तर तो सुताचा की मागाचा, हे तुम्ही कसं ठरवता? तेच सूत दुसऱ्या मागावर चढवता. मागे एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत एका मुलीचं सोडियमच्या रेघेचं उत्तर दरवेळी पाच नॅनोमीटरनं चुकत होतं. ती रडकुंडीला आली. मी तिला शेजारच्या टेबलावर बसवलं आणि उत्तर बरोबर आलं. पहिल्या टेबलावरची ग्रेटिंग, म्हणजे उजेड पसरवणारी बारीक ओळींची काच, प्रकाशाला काटकोनात बसलेली नव्हती, मुलीचा हात चांगला होता. दुर्बिणींचंही असंच झालं. लघुग्रहांवरून परतणारा सूर्यप्रकाश आणि सूर्यासारखे तारे यांच्या रेघा पक्क्या माहीत आहेत. त्या या दोन्ही दुर्बिणींतून घेतलेल्या जुन्या नोंदींत तपासल्या, तर दोन्हीकडची मोजपट्टी थोडी वाकडी निघाली. हे २०१५ मध्ये छापून आलं. व्हीएलटीतल्या फरकाचा त्यातून चांगला उलगडा होतो, केकमधल्याचा काही प्रमाणात. त्यानंतर चिलीतल्याच एका नव्या, जास्त नेमक्या उपकरणानं एका दिशेला मोजलं तेव्हा दहा लाखांत एक भागाच्या आसपासच्या अचूकतेपर्यंत बदल दिसला नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं : जिथपर्यंतचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचलाय तिथपर्यंत, आणि जितकं बारीक मोजता येतं तितकं मोजून, सूत एकच आहे. १३८० कोटी वर्षांत जिथला प्रकाश पोचू शकलेला नाही, तिथलं कुणीच सांगू शकत नाही. मुलाच्या पुस्तकात एवढं एक वाक्य जास्त हवं होतं.

प्रश्न : नियम जागेनुसार बदलत नसतील, पण काळानुसार? दोनशे कोटी वर्षांपूर्वी अणूंचं वागणं असंच होतं, हे पृथ्वीवरच तपासता येतं का? (बारावीची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : येतं, आणि योगायोगानं तपासलंही गेलं. १९७२ मध्ये फ्रान्समध्ये आफ्रिकेतल्या गॅबॉन देशातून आलेलं युरेनियम तपासताना एक गडबड लक्षात आली. नैसर्गिक युरेनियममध्ये २३५ या प्रकाराचं प्रमाण ०.७२० टक्के असतं, जगात कुठलाही दगड घ्या. इथं ०.७१७ भरलं. एवढीशी तूट कुणी 'चालायचंच' म्हणून सोडून दिली असती! त्यांनी सोडली नाही. शोधल्यावर कळलं की गॅबॉनमधल्या ओक्लो इथं जमिनीखाली साधारण दोनशे कोटी वर्षांपूर्वी नैसर्गिक अणुभट्टी चालली होती. त्या काळी युरेनियम-२३५ चं प्रमाण तीन टक्क्यांच्या वर होतं, आणि खडकात झिरपणाऱ्या पाण्यामुळं न्यूट्रॉनचा वेग कमी होत होता. भट्टी पेटायला एवढं पुरलं.

त्या भट्टीची राख अजून तिथंच आहे. राखेत समेरियम-१४९ नावाचा प्रकार असतो, तो न्यूट्रॉन अधाशासारखा गिळतो. पण तो गिळतो ते न्यूट्रॉनची ऊर्जा अगदी नेमकी जुळते म्हणून. विद्युतबलाची ताकद तेव्हा जरा वेगळी असती तर ती जुळणी मोडली असती आणि राखेत समेरियम-१४९ जास्त उरलं असतं. १९७६ मध्ये श्ल्याख्तर या रशियन शास्त्रज्ञानं हा हिशेब मांडला. दोनशे कोटी वर्षांत बदल कोटीत एका भागाच्या आसपासही नाही, असं त्यातून निघतं.

दुसरं उदाहरण आकाशातलं. २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेतला तारा फुटताना दिसला. तो १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षं लांब आहे, म्हणजे फुटला होता तितक्या वर्षांपूर्वी. पुढचे कित्येक महिने त्याचा उजेड ज्या गतीनं उतरत गेला, ती कोबाल्ट-५६ च्या क्षयाची गती होती. दर सत्त्याहत्तर दिवसांनी निम्मा, आपल्या प्रयोगशाळेत असतो तसाच. तू किरणोत्सर्गाच्या धड्यात अर्धायुष्याची गणितं सोडवतेस ना, तेच सूत्र.

प्रश्न : दीर्घिका नियमाप्रमाणे फिरत नाहीत, म्हणून शास्त्रज्ञांनी न दिसणारं 'कृष्णद्रव्य' कल्पिलं असं वाचलं. हे नियम चुकल्याचं झाकणं नाही का? (निवृत्त बँक कर्मचारी, होटगी रोड)

उत्तर : ताळेबंद जुळत नसला की दोन शक्यता असतात, एखादी नोंद राहिली असेल किंवा हिशेबाची पद्धत चुकली असेल. बँकेत तुम्ही दोन्ही पाहिल्या असतील. खगोलशास्त्रानंही पाहिल्यात. युरेनस ग्रह गणिताप्रमाणे चालेना, तेव्हा ल व्हेरिए यांनी त्याच्या पलीकडे न दिसलेला ग्रह असेल असं मांडलं. २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनमध्ये दुर्बीण वळवली, तर सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. नोंद राहिली होती. त्याच ल व्हेरिए यांनी बुधाच्या कक्षेतल्या फरकासाठीही ग्रह सुचवला, त्याचं नाव व्हल्कनही ठरलं. तो कधी सापडलाच नाही. शतकाला ४३ विकलांचा (एका अंशात ३६०० विकला) तो फरक १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्वाकर्षणानं सुटला. तिथं पद्धत बदलावी लागली.

दीर्घिकांच्या बाबतीत व्हेरा रुबिन यांच्या १९७० च्या दशकातल्या मोजणीनंतर दोन्ही वाटा खुल्या आहेत. मिल्ग्रोम यांनी १९८३ मध्ये न्यूटनचा नियमच फार मंद त्वरणाला बदलतो, असं मांडलं. म्हणजे झाकाझाक नाही, उघड वाद आहे. दीर्घिकांचे समूह एकमेकांवर आदळतात तिथं गुरुत्वाकर्षणाचा जोर दिसणाऱ्या वायूपासून बाजूला पडलेला आढळतो, त्यामुळं माझा कौल न दिसणाऱ्या द्रव्याकडे आहे. पण त्याचा एकही कण अजून प्रयोगशाळेत हाती लागलेला नाही, हेही खरं. एक लक्षात घ्या, मिल्ग्रोम यांचा नवा नियमही प्रत्येक दीर्घिकेसाठी वेगळा नाही. तो खरा ठरला तर सोलापुरापासून शेवटच्या दीर्घिकेपर्यंत तोच लागू होईल.

आता जॉबरदादांच्या मुलासाठी. खोक्यातल्या पुठ्ठ्याची हातभर नळी करा. एका टोकाला दाढीच्या ब्लेडची दोन पाती समोरासमोर चिकटवून कागदाएवढी बारीक फट ठेवा, हे काम मोठ्यांनी करायचं. दुसऱ्या टोकाला जुन्या सीडीचा किंवा डीव्हीडीचा तुकडा, त्याचा चंदेरी थर चिकटपट्टीनं ओढून काढलेला (डीव्हीडीचे दोन पदर आधी सुटे करावे लागतात), फटीच्या दिशेनं. सीडीवर मिलिमीटरला सव्वासहाशे ओळी असतात, डीव्हीडीवर त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून डीव्हीडी बरी. डोळा थोडा तिरका ठेवला की रंगांचा पट्टा दिसेल. संध्याकाळी गॅसच्या ज्योतीत मिठाच्या पाण्यात बुडवलेला चमचा धरा आणि पिवळी रेघ कुठं उमटते ते बघा. दुसऱ्या दिवशी दुपारी नळी उन्हातल्या पांढऱ्या भिंतीकडे धरा. फट पुरेशी बारीक असेल तर पिवळ्याच्या त्याच जागी काळी रेघ दिसेल. नळी सूर्याकडे थेट अजिबात धरू नका, डोळा कायमचा जाईल. भिंतीवरून परतलेला उजेड पुरतो.